वालचंद हिराचंद : गळतीच्या मुळाशी जाणारा माणूस

वालचंद म्हटलं की आपल्या होस्टेलवरच्या निम्म्या पोरांना सांगलीचं कॉलेज आठवतं. कॅप राउंडच्या फॉर्ममध्ये बहुतेकांनी ते वरच्या नंबरावर टाकलेलं असतं. ज्यांना मिळालं ते सांगलीला गेले, उरलेले आपण इथे मेसच्या रांगेत भेटलो. पण हे वालचंद कोण, असं विचारलं तर आमच्या विंगमध्ये तरी दोघांच्या पुढे उत्तर गेलं नाही. एकाने कुणीतरी शेठजी असतील म्हटलं, दुसऱ्याने चॉकलेटवाले म्हटलं. गंमत म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर होते.

माझी त्यांच्याशी ओळख पुस्तकातून झाली नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी, म्हणजे लोणार तालुक्यातल्या बीबीला, काकांच्या गाडीखाली आडवा पडलेलो असताना झाली. काकांची प्रीमियर पद्मिनी १९८७ सालची. सिंदखेडराजाला जाणं असो, मेहकरला लग्न असो की जालन्याहून बियाणं आणणं असो, घरातली सगळी माणसं आणि सामान त्याच गाडीत. गिअर अजून स्टिअरिंगच्या दांड्यालाच. वर्षभरापासून ती रात्री जिथे उभी राही तिथे सकाळी जमिनीवर एक काळपट डाग दिसायचा. गावातल्या जाणकारांचं मत पडलं की गिअरबॉक्स गेला, आता गाडी भंगारात द्या. काकांना ते पटेना आणि खर्चही झेपेना. पुतण्या मेकॅनिकलला आहे म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं.

हा दोष गाडी बनवणाऱ्याचा नाही, वयाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, पॅकिंग सुकतं. माणसाचे गुडघे कुरकुरतात, तसंच हे. पण काम करता करता एक प्रश्न डोक्यात बसला. ही गाडी कारखान्यातून यायची बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली, तरी तिचं ऑइल सील जालन्याच्या दुकानात मिळतं. ते कुणामुळे? त्या प्रश्नाचा माग काढत गेलो तो थेट १८८२ सालच्या सोलापुरात पोचलो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं गुजरातचं, दिगंबर जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुलाने गादीवर बसून हिशेब लिहावा एवढीच घरची अपेक्षा. वालचंद मॅट्रिक होऊन मुंबईला आणि पुण्याला कॉलेजात शिकले, पण पदवी पूर्ण न करताच घरच्या धंद्यात आले. तिथे त्यांचं मन लागलं नाही. कापसाचा भाव वर गेला की नफा, खाली आला की तोटा. माल आपल्या हातून जातो, पण त्यात आपण केलेलं असं काही नसतं. हीच गोष्ट त्यांना खटकली.

त्याच सुमारास त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक रेल्वेतले माजी कारकून. त्यांना कंत्राटं कशी निघतात, मोजमाप कसं होतं, बिल कुठे अडकतं हे सगळं ठाऊक होतं. एकाकडे भांडवल, दुसऱ्याकडे माहिती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. पुढे हा सोलापूरचा व्यापारी मोठमोठ्या बांधकामांत उतरला. मुंबई–पुणे रेल्वेसाठी बोरघाटात बोगदे खोदले, तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणाऱ्या मोठ्या नळांचं काम केलं. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. सिव्हिलच्या मित्रांना एचसीसी हे नाव नवीन नाही. आज मुंबई–पुणे प्रवासात घाटातल्या बोगद्यांतून जाताना मोबाइलची रेंज गेली म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा ते कुणी खोदले याची आठवण कुणाला येते?

आता थोडं गाडीखाली येतो, कारण पुढचं त्यावाचून समजणार नाही.

गळती शोधताना पहिला नियम असा की जिथे थेंब पडतो तिथे गळती असेलच असं नाही. तेल फटीतून निघतं, धातूच्या अंगावरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि मग टपकतं. गाडी पळत असेल तर वारा त्याला मागे ढकलतो. आमच्या पद्मिनीचा थेंब गिअरबॉक्सच्या ड्रेन नटावरून पडायचा. म्हणून आजवर ज्याने ज्याने हात लावला, त्याने तो नट आणखी आवळला. नट आवळून आवळून त्याचे कोपरे गोल झाले, थेंब मात्र होता तसाच राहिला.

वालचंदांच्या काळात देशाचंही असंच चाललं होतं. देश गरीब का, याला उत्तरं पुष्कळ होती. लोक अडाणी, पाऊस बेभरवशाचा, शेती मागासलेली. वालचंदांनी एक वेगळी ओली रेघ पाहिली. इथला कापूस परदेशी जातो तो परदेशी कंपनीच्या जहाजातून, कापड परत येतं तेही त्यांच्याच जहाजातून. म्हणजे येताना भाडं, जाताना भाडं, वर विमा आणि दलाली. माल कुणाचाही असो, भाड्याचा पैसा मात्र ठरलेल्या वाटेने बाहेर जायचा.

पहिलं महायुद्ध संपल्यावर लॉयल्टी नावाचं एक जहाज विकायला निघालं. मूळचं १८९१ सालचं प्रवासी जहाज, युद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेऊन ते जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी दिलं होतं. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी मिळून ते घेतलं, आणि ग्वाल्हेरच्या घराण्याच्या नावावरून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

इथपर्यंतची गोष्ट भाषण स्पर्धेत सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत. जहाज जुनं होतं, सफरी परवडल्या नाहीत आणि १९२३ साली लॉयल्टी भंगारात निघालं. शिवाय समोर बलाढ्य ब्रिटिश कंपन्या होत्या. भारतीय कंपनी उभी राहिली की त्यांनी भाडं इतकं पाडायचं की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा, आणि ती बुडाली की दर पुन्हा चढवायचे. दक्षिणेत चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ साली काढलेली स्वदेशी जहाज कंपनी अशाच दबावाखाली संपली होती. सिंदियावरही तोच डाव टाकला गेला. वालचंद आणि त्यांचे सोबती तोटा सोसत टिकून राहिले. १९२३ साली लॉर्ड इंचकेप यांच्या गटाशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात सिंदियाच्या व्यवसायावर जाचक मर्यादा होत्या. हा विजय नव्हता, पण पाय रोवायला जागा मिळाली होती. पुढे १९२९ ते १९५० अशी एकवीस वर्षं वालचंद त्या कंपनीचे अध्यक्ष राहिले.

इथे त्यांचा एक स्वभाव दिसतो. जहाज चालवू लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गळती अजून वर आहे. जहाज आपलं झालं तरी ते बांधतो कोण? परदेशी गोदी. दुरुस्ती, सुटे भाग, सगळं तिकडेच. म्हणजे एक फट बुजवली की तिच्या वरची दिसते. मग त्यांनी जहाज बांधायचा कारखानाच काढायचं ठरवलं. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. युद्ध चालू, माल मिळेना, तरी काम पुढे रेटलं. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

विमानाची गोष्टही त्याच काळातली. १९३९ साली प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये होतं ते इथे का नाही, हा सरळ प्रश्न वालचंदांना पडला. म्हैसूर संस्थानाने बंगळूरला जमीन दिली, भांडवलात वाटा उचलला, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं विमान आकाशात गेलंही. आपल्यातले कितीतरी जण गेटचा स्कोअर हातात धरून ज्या एचएएलच्या जाहिरातीची वाट पाहतात, ती हीच कंपनी. १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी सरकारने ती ताब्यात घेतली आणि वालचंद बाहेर पडले. दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, विशाखापट्टणमच्या गोदीचा कारभारही सरकारकडे गेला. दोन कारखाने उभे केले आणि दोन्ही हातचे गेले. आपला एक असाइनमेंट दुसऱ्याच्या नावाने गेला तर आपण आठवडाभर बोलत नाही.

या सगळ्यात शेतीही होती. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि मालेगावजवळ रावळगाव इथे माळरानावर ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. रावळगावच्या गोळ्या चोखत आपल्या आधीची पिढी वाढली. म्हणून आमच्या विंगमधला चॉकलेटवाले म्हणणारा मुलगा अगदीच चुकीचा नव्हता.

आणि मोटार. त्या काळी गाड्या परदेशातून यायच्या, फार तर सुटे भाग पेटीत भरून यायचे आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्यात जोडले जायचे. आपल्याकडेच मोटार बनावी अशी योजना सर विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात मांडली होती. वालचंदांनी ती मनावर घेतली. फोर्डशी बोलणी झाली, जमलं नाही. १९४० साली क्रायस्लरशी करार झाला, पण इंग्रज सरकारला युद्धकाळात भारतात मोटार कारखाना नको होता. परवानग्या मिळेनात, यंत्रं येईनात. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीनेच झाली, ते तर उघड आहे. पण जोडणी हे मुक्कामाचं ठिकाण नव्हे, एक एक भाग इथे बनवत जायचं, ही दिशा पहिल्यापासून ठरलेली होती. १९५० नंतर इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि पुढे आपल्या रस्त्यांना ओळखीची झालेली ती फियाट आली.

वालचंदांना हे सगळं बघायला मिळालं नाही. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. १९४७ साली सांगलीत सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये त्यांचं नाव मिळालं.

पुढे १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण इतकं पक्कं झालं की शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निघाली तेव्हा वर्तमानपत्रांनी माणूस गेल्यासारख्या बातम्या दिल्या.

नुसतं कौतुक करून थांबणं बरोबर नाही. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या गाड्यांना दार बंद झालं. देशात दोन-तीनच बनवणारे उरले. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत बसायचं. स्पर्धा नसल्यामुळे तीच गाडी थोड्याफार बदलांनी दशकानुदशकं निघत राहिली, आणि १९८३ नंतर मारुती आल्यावर व्हायचं तेच झालं. २००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. बाहेरची गळती थांबवायला जे झाकण घट्ट बसवलं, त्याच झाकणाने आतली हवाही कोंडली. गिअरबॉक्सलाही हा अनुभव असतो. तेल तापलं की आतली हवा फुगते, ती बाहेर जायची बारीक वाट चिखलाने बुजली तर चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं. नवीन सील घालण्याआधी ती वाट साफ आहे का हे बघायचं असतं. धोरण आखणाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तर आमच्या गळतीचं काय झालं ते सांगतो, कुणाच्या घरी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल. गाडी सपाट जागेवर घेऊन चाकांना दगड लावले, जॅकवर विश्वास न ठेवता खाली भक्कम घोड्या दिल्या. आधी तेल ओळखलं. इंजिन ऑइल पातळ आणि काळं, गिअर ऑइल घट्ट आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. आमचं गिअर ऑइलच होतं. हल्लीच्या ऑटोमॅटिक गाड्यांत बहुधा लाल, पातळ तेल असतं आणि ते दाबाने ताकदही पोचवतं. पद्मिनीत तसं काही नाही. दाते तेलात बुडून फिरतात आणि तेल उडवत राहतात, बस्स. पंप नाही, डॅशबोर्डवर दिवाही नाही. तेल संपलं तर पहिली सूचना आवाजाची, आणि तोवर बेअरिंगचं नुकसान होऊन गेलेलं असतं. रात्री दुसरबीडच्या पुढे घरची माणसं गाडीत असताना ते झालं असतं तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

मग सगळा गिअरबॉक्स डिझेलने धुऊन कापडाने कोरडा केला, वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि काकांना बीबी ते सुलतानपूर चक्कर मारून यायला सांगितलं. परत आल्यावर टॉर्च घेऊन ओल्या रेघेचा वरचा शेंडा शोधला. ड्रेन नटाच्या वर पावडर ओली, त्याच्याही वर ओली, आणि रेघ जाऊन थांबली ती मागच्या बाजूला, स्पीडोमीटरची केबल आत शिरते तिथे. प्रोपेलर शाफ्टजवळचं मोठं सील कोरडं ठणठणीत होतं. केबल सोडवली तर आतलं रबर बिस्किटासारखं तुटलं. त्या मापाचं रबर जालन्याला चहा-नाश्त्याच्या पैशात मिळालं. बसवताना त्याला तेलाचं बोट लावलं, म्हणजे ते कोरडं घासून फाटत नाही. ड्रेन नटाचा वॉशर नवीन टाकला, आणि बाजूच्या भोकातून नव्वद नंबरचं गिअर ऑइल काठाला येईपर्यंत भरलं. काठाच्या वर नाही, कारण जास्त भरलं तरी ते गळतंच. दुसऱ्या दिवशी खाली पसरलेला पेपर कोरडा होता. भंगाराचा विषय बंद झाला.

गिअरबॉक्स उतरवायची गरजच नव्हती. गरज होती ती थेंबापासून वर वर जाण्याची. वालचंदांनी आयुष्यभर दुसरं काय केलं? भाडं बाहेर जातं म्हणून जहाज, जहाज बाहेरून येतं म्हणून गोदी, मोटार पेटीतून येते म्हणून कारखाना. प्रत्येक वेळी एक पायरी वर. त्यांच्या हातात यातलं फारसं राहिलं नाही, पण बनवायची सवय देशाला लागली. कुर्ल्याच्या कारखान्यासारख्या कारखान्यांना भाग पुरवता पुरवता छोटे छोटे कारखानदार आणि दुकानदार तयार झाले. त्या साखळीचं एक टोक जालन्याच्या त्या दुकानात आहे.

मित्रांनो, आता आपलं बघू. फायनल इयरचे प्रोजेक्ट जवळ आलेत. बाजारात पैसे देऊन तयार मॉडेल आणि रिपोर्ट मिळतो, आणि तो कुठल्या दुकानात मिळतो हे आपल्या सरांनाही माहीत असतं. काही जण भाग विकत आणून जोडतात. जोडणी वाईट नाही, कुर्ल्यातही सुरुवात तिथूनच झाली. प्रश्न एवढाच की आपण तिथून एक पायरी तरी वर चढतो का. निदान एक भाग, एखादा गिअर, एखादा ब्रॅकेट, एखादा छोटा सर्किट बोर्ड, स्वतः वर्कशॉपमध्ये बनवून बघू या. बिघडला तर का बिघडला ते वरच्या शेंड्यापर्यंत शोधू या. व्हायवाला तेवढं एक उत्तर तरी आपलं स्वतःचं असेल.